गोणपाट कसं खेळवावं

गोणपाट घ्यायचं ते मारायला नाही, मार खायला. एवढं ज्याला कळलं त्याला पुढचं काही सांगायची गरज नाही. पण ते कोणाला कळत नाही, म्हणून सांगत बसावं लागतं.

खेळ साधा आहे. तुमच्याकडे एक राक्षसी प्राणी, समोरच्याकडे एक. प्रत्येक प्राण्याला चार चाली. दोघांनीही पंचेचाळीस सेकंदांच्या आत एकेक चाल निवडायची, मग पडद्यावर दोन्ही एकदम होतात. ज्याचा प्राणी आधी आडवा पडेल तो हरला. गोणपाटाचं खरं नाव कंपनीने काहीतरी लांबलचक ठेवलंय, ते माझ्या जिभेवर बसत नाही. दिसायला ओल्या वाळूने भरलेलं पोतं आणि त्याला दोन झोपाळू डोळे. माझ्या लेकीने बघताक्षणी त्याचं गोणपाट करून टाकलं. खेळ सुरू केला की पहिल्या तासात ते सगळ्यांना फुकट मिळतं आणि दुसऱ्या तासात सगळे ते सोडून देतात. मी सोडलं नाही. धडधाकट वस्तू टाकून द्यायची आमच्याकडे पद्धत नाही.

त्याच्या चार चाली अशा. बुरशी: समोरच्याच्या अंगावर धरते आणि दर चालीला त्याला थोडं थोडं खाते. पाठ: गोणपाट पाठ फिरवून बसतं, मग कोणी कितीही बडवलं तरी फारसं लागत नाही. डुलकी: थोडं झोपून उठलं की पुन्हा ठणठणीत. आणि चौथी लोळण. ही त्याची जन्मजात चाल, यादीत सगळ्यात वर असते आणि काढून टाकता येत नाही. लोळण घेऊन गोणपाट समोरच्यावर जाऊन आदळतं खरं, पण मग उताणं पडतं आणि त्याचं पोट उघडं राहतं. पोटावर बसलेला फटका तिप्पट लागतो. सहा वर्षांत मी लोळण एकदाही वापरली नव्हती.

तेव्हा बुरशी धरायची, पाठ फिरवायची, मध्येच डुलकी काढायची आणि वाट बघायची. समोरचा आधी हसतो, मग कंटाळतो, मग चिडतो. चिडलेला माणूस चुकतो. याला लोक डावपेच म्हणतात. मी याला नोकरी म्हणते.

मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार खिडकीवर बसते. खिडकी क्रमांक चार, सव्वीस वर्षं. पाणी आलं नाही, गढूळ आलं, भलत्याच वेळी आलं, शेजाऱ्याकडे आलं आणि आमच्याकडे नाही, असं सगळं माझ्याकडे येतं. दुरुस्त करायचा अधिकार मला नाही, लिहून घ्यायचा आहे. मी लिहून घेते, क्रमांक देते आणि म्हणते, "तक्रार नोंदवली आहे." लोक ओरडतात. ओरडणारा माणूस सात मिनिटांच्या वर टिकत नाही, हे मी घड्याळ लावून पाहिलेलं आहे. आठव्या मिनिटाला त्याचा घसा सुकतो आणि तो प्यायला पाणी मागतो. ते मी देते.

खेळातही मी "खिडकी क्र. ४" याच नावाने आहे. हरलेले लोक खाली काय काय लिहितात. म्हाताऱ्या, भित्र्या, जरा मर्दासारखा खेळ की. मी सगळ्यांना एकच उत्तर पाठवते: तक्रार नोंदवली आहे.

हा खेळ मला लेकीने शिकवला. ती अकरा वर्षांची असताना पाय मोडून सहा आठवडे घरी पडली होती आणि तिला बडवायला कोणीतरी हवं होतं. पहिल्या आठवड्यात तिने मला बडवलं. दुसऱ्या आठवड्यात ती रडली. तिचा स्वतःचा प्राणी चटका, म्हणजे काडीएवढा, पंख पेटलेला किडा. तो सहा चालींत मारतो नाहीतर मरतो. लेकही तशीच आहे. दार उघडत नाही, ढकलते.

ती आता सतरा वर्षांची आहे, आणि दोन महिन्यांपूर्वी तिने माझ्यासमोर एक अर्ज ठेवला. समुद्राच्या तळाशी केबली घालणारी जहाजं असतात. त्यांवरच्या कारागिरांचं दोन वर्षांचं प्रशिक्षण. पहिलं वर्ष बंदरावर, तेच इथून अकरा तास दूर. दुसरं वर्ष जहाजावर, म्हणजे कुठे ते जहाजालाच ठाऊक. अठरा पूर्ण नसतील तर पालकांची सही लागते असं त्यात छापलं होतं.

"बघू," मी म्हटलं.

ऑफिसात माझ्या टेबलावर तीन ट्रे आहेत: आवक, विचाराधीन, निकाली. विचाराधीनमध्ये गेलेला कागद काय करतो ते ज्याने कधी अर्ज केलाय त्याला विचारा. घरात ट्रे नाहीत, म्हणून मी तो अर्ज रेडिओखाली ठेवला. लेक दर दोन-तीन दिवसांनी विचारायची. मी कधीच नाही म्हटलं नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकते. मी "बघू" म्हटलं, "वाचतेय" म्हटलं, "यातलं एक कलम नीट कळलं नाही" म्हटलं. तिने आदळआपट केली, दोन दिवस जेवली नाही, मग जेवली. मी पाठ फिरवून बसले होते.

मला ती जायला नको होती. एवढंच होतं. अख्ख्या घरात बोलणारं माणूस ते एकच. आमचे हे शिलाई मशिनी दुरुस्त करतात, दिवसभर मशिनीला कान लावून ऐकतात आणि घरी आल्यावरही ऐकतातच. त्यांना विचारलं तर ते म्हणाले, "तुमचं तुम्ही बघा." दोघींनाही तेच म्हणाले.

अर्जाची शेवटची तारीख सोमवार होती. त्याच्या आदल्या शनिवार-रविवारी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये या खेळाची स्पर्धा होती. खेळांचं दुकान चालवणारे एक जाड भिंगाचे गृहस्थ ती दरवर्षी भरवतात. आम्ही दोघी दरवर्षी जातो. मी साधारण तिसऱ्या फेरीपर्यंत लोकांचा अंत पाहते, ती दुसऱ्या फेरीत जळून येते. यंदा काय झालं कोण जाणे, शनिवारी संध्याकाळी फळ्यावर अंतिम सामन्याची दोन नावं राहिली आणि दोन्ही एकाच घरातली निघाली.

घरी जाताना कोपऱ्यावर वळल्यावर लेक थांबली.

"आई, उद्या मी जिंकले तर तू सही करायची."

"आणि हरलीस तर?"

"तर अर्ज फाडून टाकते. अठरा होईपर्यंत विषय काढणार नाही. शप्पथ."

मी आयुष्यात इतक्या लवकर कशाला होकार दिला नव्हता. लग्नालाही आठवडा घेतला होता. माझा हिशोब सरळ होता. चटक्याविरुद्ध गोणपाट दहातल्या नऊ वेळा जिंकतं. सोमवार उलटला की जागा जाते आणि वर्षभर लेक घरात राहते. वर्षभरात माणसाचं मन बदलतं. नाहीतर मी ते विचाराधीन ठेवते.

रविवारी बरोब्बर साडेबाराला सामना सुरू झाला. हॉलमध्ये साठेक खुर्च्या, मोठा पडदा, आणि पडद्याखाली एका लांब टेबलाच्या दोन टोकांना आम्ही. आमचे हे तिसऱ्या रांगेत. लेकीने प्राणी बाहेर काढला आणि लोक ओरडले. चटका नव्हता. पिंप होतं.

पिंप म्हणजे लोखंडी पिंप, त्याला दोन ठेंगू पाय. लोखंडाला बुरशी धरत नाही. आता तिला मी मारू शकत नव्हते, आणि तिचा ठोका इतका मवाळ की तो माझी एक डुलकी भरून काढायची. मी मनातल्या मनात म्हटलं, बाई गं, तू माझ्या खिडकीशी येऊन माझ्याशीच टिकाव धरायला बघतेस? तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी हेच करतेय.

अशा सामन्याचा निकाल एकाच गोष्टीवर लागतो. प्रत्येक चाल ठरावीक वेळाच वापरता येते. त्या संपल्या की प्राण्याला करण्यासारखं काही उरत नाही आणि तो थकून आपोआप पडतो. लोळण सोडून गोणपाटाकडे एकूण चौऱ्याऐंशी चाली होत्या, पिंपाकडे शहात्तर. लेकीला गणित येतं. तरी ती हे खेळत होती. वर प्रत्येक चालीला पुरते चव्वेचाळीस सेकंद घेत होती. एका हाताने डोकं खाजवायचं, दुसरा हात मांडीवर, नजर भिंतीवर. माझी लेक, जिला दुधाची पिशवी कापायला धीर नाही!

वीस चालींत टाळ्या थांबल्या. चाळीस चालींत मागच्या रांगा उठून चहाला गेल्या. जाड भिंगवाल्यांनी दोनदा नियमांचं पुस्तक उघडून पाहिलं, की अशा खेळाला काही बंदी आहे का. नव्हती. एक जण त्यांना म्हणाला, "अहो काका, यापेक्षा भिंत बघू." मी मनात नोंदवून घेतलं. आमचे हे मात्र एकटक बघत होते. त्यांना चालू यंत्राचं कौतुक आहे, ते काय करतंय याच्याशी देणंघेणं नाही.

बहात्तर चाली झाल्या. पिंपाच्या चार उरल्या होत्या, माझ्या बारा. पाचव्या चालीला पिंप पडणार आणि लेक घरी राहणार. मी काहीही चूक करणार नव्हते, आणि चूक न करणं हेच तर मला येतं. खरं सांगते, त्या क्षणी मला आनंद झाला नाही. तरी मी पुढची पाठ मोजून ठेवली.

तेवढ्यात लेकीने बॅगेतून डबा काढला, टेबलावर ठेवला आणि त्याची कडी उघडली. टक्.

मी हातातलं खेळाचं यंत्र खाली ठेवलं. उजवा हात वर केला आणि डावीकडून उजवीकडे काच सरकवली. तिथे काच नव्हती. मी उभी राहिले, टेबलापलीकडे बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "दीड वाजला. दोननंतर या."

आणि हात धुवायला गेले.

कोणाला वाटेल मी हे रचून सांगतेय. त्यांनी सव्वीस वर्षं दीड वाजता काच सरकवून बघावी. ओरडणारा ओरडत असला तरी सरकवते, एकदा एक मोठे साहेब बोलत होते तरी सरकवली. त्यात डोकं नसतंच, हात असतो. हॉलच्या बाहेर बेसिन होतं. मी नळ सोडला, साबण लावला, बोटांच्या मधून नीट चोळला आणि पाण्याला दाब चांगला आहे असंही मनात आलं. मग आरशात माझ्या गळ्यात लटकलेला स्पर्धेचा बिल्ला दिसला.

मी ओल्या हातांनी धावले. साठ खुर्च्यांतले उरलेसुरले लोक उभे राहून बघत होते. पंचेचाळीस सेकंदांत चाल दिली नाही तर यंत्र आपणहून यादीतली पहिली चाल देतं. पहिली लोळण. माझ्या गोणपाटाने सहा वर्षांत पहिल्यांदा लोळण घेतली होती, आणि मी ती बघायलाही नव्हते. मी येईपर्यंत दुसऱ्यांदाही घेऊन झाली होती. ते उताणं पडलं होतं, पाय वर. त्याला पाय आहेत हे मला तेव्हा कळलं. अर्धा जीव गेला होता. मी पाठ दाबली, पण उताण्या पोत्याला कुठली पाठ? पिंपाने चालत येऊन पोटावर ठोका दिला. गोणपाटाने डोळे मिटले.

पिंपाकडे एक चाल शिल्लक होती.

हॉलमध्ये मग जो काही आरडाओरडा झाला, तो सात मिनिटांत संपला. जाड भिंगवाले डब्याकडे बोट दाखवून पुस्तक चाळत होते. टेबलावर पेय ठेवायला मनाई होती, डब्याबद्दल एक अक्षर नव्हतं. "बक्षीस दोन वाजता देऊ," ते म्हणाले, "तोवर सगळ्यांनी जेवून घ्या." त्यांचंही बरोबर होतं.

लेक डबा घेऊन जिन्यात जाऊन बसली. मी तिच्या शेजारी बसले. उकडलेली अंडी होती, पाव होता, काकडी होती. तिने स्वतः भरला होता. डबा तोच होता, झाकणाला पोचा आलेला.

पहिलीपासून तिची शाळा बाराला सुटायची. पाय मोडेपर्यंत रोज ती ऑफिसात येऊन माझ्या खुर्चीमागे जुन्या रजिस्टरांच्या थप्पीवर बसायची, मांडीवर हाच डबा. समोर लोक ओरडत असायचे आणि मला मागे बघता यायचं नाही. दीडला ती कडी उघडायची, टक्, आणि मी काच सरकवायचे. मला वाटायचं मी घड्याळ बघून सरकवते.

"तू मला फसवलंस," मी म्हटलं.

"नाही. दीड वाजायची वाट बघितली." तिने अंडं सोललं आणि मला दिलं. "मी सहा वर्षं तेच केलंय, आई. दीड ते दोन तू बोलायचीस. बाकी दिवसभर तू लिहून घ्यायचीस."

मी हेही लिहून घेतलं.

"आत्ता दीड वाजून गेलाय," ती म्हणाली. "तर आता खरं सांग. तुला मी जायला नको आहे ना?"

काच बंद होती. मागे कोणी उभं नव्हतं. "नको आहे," मी म्हटलं.

"मग दोन महिन्यांत हे एकदा तरी म्हणायचंस की! बघू बघू करून माझं डोकं खाल्लंस. नको जाऊस असं सरळ म्हणाली असतीस, तर मी गेले नसते."

ती हे अगदी सहज बोलली, काकडी खात. तिला कळलंही नाही की ती काय बोलून गेली. माझ्याकडे दोन महिने एक चाल होती. यादीत सगळ्यात वर. दोन शब्द, आणि सगळा खेळ तिथेच संपला असता. ती मी वापरली नाही, कारण वापरली की पोट उघडं पडतं. आणि आताही ती चाल शिल्लक होती. दोनला तेरा मिनिटं कमी होती. हरले होते ते यंत्रावर, इथे अजून नव्हते. नको जाऊस. म्हटलं असतं तर ती राहिली असती, हे तिच्या तोंडाकडे बघूनच दिसत होतं. मग रोज संध्याकाळी मला ते तोंड दिसलं असतं.

"अर्ज कुठाय?" मी विचारलं.

तिने तो बॅगेतून काढला. रेडिओखालून कधी काढला होता देव जाणे. मी तिच्याकडून पेन घेतलं, डब्याचं झाकण मांडीवर उलटं ठेवून त्यावर कागद पसरला आणि वाचायला लागले. न वाचता मी सही करत नाही. ती तोंड आवळून बसली. तिसऱ्या पानावर खाली एक रकाना होता: पालकांची हरकत असल्यास येथे लिहावी. त्याच्याखाली सहीची जागा.

मी रकान्यात लिहिलं: आहे. मग खाली सही केली, तारीख घातली, आणि नात्याच्या जागी आई असं लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

लेकीने ते दोनदा वाचलं. तिचे डोळे भरले होते आणि ती चिडलेलीही होती. दोन्ही एकदम तिलाच जमतं.

"आई, हे काय? हरकत आहे लिहून खाली सही? असं चालतं का?"

"चालतं," मी म्हटलं. "नुसत्या हरकतीने कुठलं काम थांबलेलं मी सव्वीस वर्षांत पाहिलं नाही. नोंद तेवढी राहते."

मग तिने दुसरं अंडं सोललं, आणि दोन वाजेपर्यंत आम्ही बोलत बसलो.